तिसरा पाय

(उल्हासनगर, कॅम्प एक. बराकीतलं घर. भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमधून लाकडावर हातोडीचे ठोके ऐकू येतायत.)

अंजनी : बाबांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी सांगितलं होतं तुला. वर्कशॉपची किल्ली त्यांच्या हाती लागू देऊ नको.

मालिनी : सांगितलं होतंत, ताई. मी हो-हो म्हटलं आणि सोडून दिलं. वाटलं, ज्या माणसाला पाण्याचा पेला धरवत नाही तो किल्ली कशाला मागेल.

अंजनी : मग हे काय वाजतंय?

मालिनी : तेच वाजवतायत. जरा हळू बोला, पोरगी झोपलीय मांडीवर.

अंजनी : एवढ्या ठोकाठोकीत झोपते ही?

मालिनी : ठोके चालू आहेत तोवरच झोपते. थांबले की डोळे उघडते. माझंही तसंच झालंय आता. हात भाजीवर, कान भिंतीला.

अंजनी : मी कुलूप आणलंय. हे बघ, नवीन. आज लावूनच बदलापूरला जाणार. जयदेवला काय सांगायचं ते मी सांगते. मुलगा असून त्याला पडलेली नाही, सुनेला काय बोलायचं.

मालिनी : लावा. फक्त आधी ऐकून घ्या.

अंजनी : काय ऐकायचं? मेंदूच्या झटक्यानं उजवा हात गेलाय त्यांचा. नुसता हलत नाही असं नाही, त्या हाताला कळतच नाही काही. डॉक्टरनं टाचणी टोचली तेव्हा मी समोर होते. उद्या पटाशी लागली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

मालिनी : लागली होती.

अंजनी : काय?

मालिनी : सुरुवातीलाच. मी चहा घेऊन गेले, कडेवर ही, तर भुशात रक्त, आणि बाबा डाव्या हातानं खुशाल रंधा मारतायत. मी किंचाळले. त्यांनी काय केलं माहितीय? आधी पोरीकडे बघितलं. हिलाच काहीतरी झालं वाटलं त्यांना.

अंजनी : आणि मला कळवलं नाहीस.

मालिनी : समोरच्या सिंधी शेठच्या दुकानातून दोनदा नंबर फिरवला. दोन्ही वेळा ठेवून दिला. तुम्ही त्याच संध्याकाळी हे कुलूप घेऊन आला असतात.

अंजनी : आलेच असते. वा. बी.ए. झालीस ना तू? सायकॉलॉजीत?

मालिनी : भूगोलात.

अंजनी : तेच ते.

मालिनी : मी घाबरले नाही असं समजू नका, ताई. त्या दिवशी मीच वर्कशॉप बंद केलं, किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी बाबा दोरीवरचं हिचं दुपटं ओढून घेऊन आले. माझ्यासमोर धरलं, मग उजव्या हाताकडे बघितलं, मग कमरेकडे. मला आधी कळेचना. मग कळलं. हात बांधून टाक म्हणत होते. कमरेशी. म्हणजे हत्याराच्या वाटेत येणार नाही.

अंजनी : आणि तू बांधलास?

मालिनी : रोज बांधते. हिला गुंडाळते तसाच. आधी त्यांना, मग हिला.

अंजनी : अरे देवा. आणि करतायत काय एवढं?

मालिनी : स्टूल.

अंजनी : स्टूल? कुठे ठेवायला?

मालिनी : तिथेच. वर्कशॉपात.

अंजनी : शक्य नाही. त्या वर्कशॉपात बसायची बंदी होती, मालिनी. तू आत्ता आलीस, तुला नाही ठाऊक. शाळा सुटली की मी दारात येऊन उभी राहायचे. बसू का म्हटलं की म्हणायचे, इथे सगळे उभे असतात, बसायचं तर घरात जा. म्हणून उभीच राहायचे. अजून तेच. दर रविवारी येते, दारात उभी राहून बडबड करते आणि जाते; हे मधले काही रविवार ओव्हरटाइमात गेले तेवढेच. कंपनीत पॅकिंगला आठवडाभर उभी, इथे येऊन पण उभी. पाय बघ, चप्पल चढत नाही संध्याकाळची.

मालिनी : पाय पाटावर घ्या ना.

अंजनी : राहू दे. म्हणजे हरले म्हणायचे बाबा. शेवटी स्वतःला बसायला स्टूल. ज्यांचे लाकडी साचे अंबरनाथच्या फाउंड्रीवाले डोळे झाकून विकत घ्यायचे, ते एका हातानं स्टूल ठोकणार आणि ते डुगडुगणार. लोक हसतील.

मालिनी : शेठ हसला. दारात येऊन म्हणाला, मिस्त्री, हमारे पास प्लास्टिक का रेडीमेड पडा है, एक ले जाओ. बाबांनी नुसतं बघितलं त्याच्याकडे. आता तोच रोज येतो. काही बोलत नाही, उभा राहतो आणि बघतो.

अंजनी : काय बघतो एवढं?

मालिनी : कसं सांगू. खिळा मारायचा तर दोन हात लागतात. एकानं धरायचा, दुसऱ्यानं मारायचा. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी विचारलं, बाबा, मी खिळा धरू का? मान हलवली. त्यांनी स्टूलच असं काढलं की खिळा नको, डिंक नको, दुसरा हातच नको. पाय सागाचे, पत्र्यावर टाकून कडकडीत वाळवले. वरची फळी आंब्याची, वखारीतून मुद्दाम ओली मागवली. मी म्हटलं, ओली का? म्हणाले, "वाळेल. आवळेल."

अंजनी : बोलतात? दवाखान्यात तर शब्द फुटत नव्हता.

मालिनी : एकेक शब्द. फळी वाळत जाईल तशी आतल्या पायाला धरत जाईल. जे त्यांच्या हाताला धरता येत नाही ते लाकूडच धरणार. मी ऐकत बसले, ताई, भाजी करपेपर्यंत.

अंजनी : पण पाय तासायला तरी धरावा लागेल ना?

मालिनी : दोरी. लाकडावरून दोरी टाकून खाली फास केलाय, त्यात डावं पाऊल. पाऊल दाबलं की लाकूड आवळतं, सोडलं की सुटतं. आणि भोक पाडताना गिरमिट छातीनं दाबून धरतात. अख्खा माणूस हात झालाय तिथे. मी खिडकीतून बघत असते, एका कडेवर ही, दुसऱ्या हातात आयोडीनची बाटली. कितीदा वाटतं, आत धावून जावं. पण काम चालू असताना जात नाही. देवळात उभं राहिल्यासारखं होतं.

अंजनी : किती पाय केलेत?

मालिनी : तीनच. बराकीची जमीन अशी, चार पायांचं डुगडुगतं. तीन कुठेही टेकतात. दोन बसले, आज तिसरा ठोकतायत.

अंजनी : बसू देत मग सुखानं. स्टूल झालं की हत्यारं मी घेऊन जाणार, स्टूल राहील त्यांना.

मालिनी : त्यांना नाहीये ते.

अंजनी : म्हणजे?

मालिनी : मलाही तसंच वाटलं होतं. उंची त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरून घेतली, सुतळी लावून. मी म्हटलं, बरं झालं बाबा, आता बसून काम करा. रागावले. म्हणाले, "मी उभा." मग सुतळी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "अंजू. गुडघा माझा तिला." तुमची उंची त्यांच्यावरच गेलीय ना.

अंजनी : काहीतरीच.

मालिनी : मग खूप वेळ शब्द जुळवत राहिले. मला वाटलं, राहू द्या म्हणावं. पण मी थांबले. म्हणाले, "उभ्यानं भांडते. पाय सुजतात. बसून भांडू दे."

अंजनी : भांडते म्हणे. मी?

मालिनी : पाणी देऊ, ताई?

अंजनी : नको. दारात उभी असायचे तेव्हा एकदासुद्धा वळून बघायचे नाहीत गं. पाय कधी बघितले माझे?

मालिनी : मला काय माहीत. मी भूगोलवाली.

अंजनी : गप.

मालिनी : ताई.

अंजनी : काय?

मालिनी : डोळे उघडले हिनं. आवाज थांबलाय.

अंजनी : कधी?

मालिनी : आत्ताच. तिसरा पाय बसला असेल. नाहीतर... दर वेळी मीच धावते, आज ही अंगावर आहे. तुम्ही जा.

अंजनी : आणि हे कुलूप?

मालिनी : ठेवा इथेच, पाटावर. आधी त्यांचा उजवा हात बघा, दुपट्यात नीट आहे ना. रक्त नाही ना, ते बघा. आणि स्टूल झालं असेल, तर दारातून परत येऊ नका. बसा, आणि तिथूनच मला हाक मारा.