मधलं माप

मुलगी: बाबा, उघडं आहे की दुकान! गुरुवारी बंद असतं म्हणालात.

वडील: असतं... म्हणजे, असायचं. वार बदलला असेल. तसं पाहिलं तर त्या कोपऱ्यावरचं दुकानही काही वाईट नाही गं, ठकू. तिथे निवांत...

मुलगी: तिथे बादल्याही विकतात आणि हेल्मेटही. मला बादली नकोय. चला आत.

दुकानदार: या ताई, या. काका, पायरी सांभाळा. बोला, कोणाच्या डोक्याला हवंय?

मुलगी: माझ्या. कामाचं हवं, शोभेचं नको. मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. दिवसाला वीस-बावीस घरं, सगळी मोटरसायकलवर. ऊन, वारा, पाऊस, धूळ, काही चुकत नाही. सोमवारपासून परत कामावर जायचंय.

दुकानदार: परत म्हणजे?

मुलगी: ही हनुवटी बघा.

दुकानदार: अरे बाप रे. टाके?

मुलगी: नऊ. आणि जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला. भुरभुर पाऊस होता, मी ट्रकच्या मागे. त्याच्या चाकाने खडी आणि चिखल उडवला तो थेट माझ्या डोळ्यांत. डोळे मिटले, बस, तेवढंच. पुढचं डांबराने बघून घेतलं.

वडील: ते सगळं आता कशाला सांगायचं...

दुकानदार: नाही काका, सांगू द्या. वैद्यापुढे आणि माझ्यापुढे लपवून चालत नाही. डोक्यावर काय होतं, ताई?

मुलगी: अर्धं. उघड्या तोंडाचं. तुमच्याच दुकानातलं.

दुकानदार: माझ्या? रोजच्या फिरतीवाल्याला मी उघडं देत नाही कधी.

मुलगी: मागितलं बंदच होतं. मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. काळं, पूर्ण बंद, मधलं माप. बाबा घ्यायला आले तर माप संपलेलं.

दुकानदार: काय संपलेलं?

मुलगी: मधलं माप.

दुकानदार: अहो, मधलं माप संपलं तर मी शटर कशाला वर करीन? निम्म्या गावाचं डोकं त्या मापाचं आहे!

वडील: असेल, असेल. गर्दी होती त्या दिवशी. मी... मी काही मुद्दे लिहून आणलेत. आधी ते पाहू या का? वजन, हवेची भोकं, अस्तर धुता येतं की नाही...

मुलगी: वही निघाली. आता बसून घ्या दादा, वेळ लागेल. बाबा ग्रंथालयात होते. हेल्मेटवर त्यांनी जितकं वाचलंय तितकं ते बनवणाऱ्यानेही वाचलं नसेल.

दुकानदार: ग्रंथालयात... हां. तरीच म्हटलं. बरं, वाचन राहू द्या, हात लावून बघू. हे उघडं, ते तुम्ही भोगलंत, बाजूला ठेवतो. हे पूर्ण बंद. आणि हे दरवाजावालं, हनुवटीचा भाग असा कट्‌कन वर जातो.

मुलगी: हे छान आहे की! प्रत्येक दारात हेल्मेट काढा, घाला, काढा, घाला. केसांचा पार काथ्या झाला होता माझ्या.

वडील: पण बिजागरी आली की ती कधी ना कधी ढिली होते. आमच्या कपाटांचं तेच व्हायचं.

दुकानदार: काका बरोबर बोलतायत. आणि दुसरं सांगू? एकविसाव्या घरातून दमून बाहेर पडाल, दरवाजा वरच ठेवून गाडी काढाल. माणूस विसरतो. शिवाय वजन जास्त. जबडा नुकता जुळलाय तुमचा, मानेवर भार नको.

मुलगी: म्हणजे शेवटी बंदच.

वडील: पण बंद... त्यात गुदमरतं माणूस. पावसात काच आतून धुरकटते. म्हणजे, मी अनुभवाने नाही, वाचून सांगतोय. आणि हिला लहानपणी दमा होता हो.

मुलगी: बाबा, लहानपणी मला दुधाचे दातही होते.

दुकानदार: भांडू नका. माझा एक नियम आहे. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच हेल्मेटं मऊ लागतात. खरं काय ते वीस मिनिटांनी कळतं. हे घालायचं, पट्टा लावायचा, या पंख्यासमोर स्टुलावर बसायचं. वारा पंख्याचा, पाऊस या फवाऱ्याचा. घड्याळ वाजेपर्यंत काढायचं नाही. नंतर तुम्ही नको म्हणालात तर मी हो म्हणायचा आग्रह करणार नाही.

मुलगी: आणि ऐकू येतं का आतून? मागचा हॉर्न कळला पाहिजे. नाहीतर तोंड वाचेल आणि मी मागून जाईन.

दुकानदार: हॉर्न कळतो. बोलणं म्हणाल तर माणसामाणसावर आहे. तुमचं तुम्ही बघा. घाला. कान दुमडू देऊ नका. पट्टा बघू... दोन बोटं जातात. टाक्यांच्या जागी लागतोय?

मुलगी: नाही. खाली आहे.

दुकानदार: झकास. पंख्याकडे तोंड करा, आमच्याकडे पाठ. काच खाली. काच धुरकटली तर हनुवटीपाशी छोटं झाकण आहे, ते सरकवा. लावतो पंखा. हा घ्या पाऊस!

वडील: अहो, एवढं पाणी?

दुकानदार: आभाळ विचारून ओततं का? बसू द्या तिला.

वडील: ठकू... ठकू, चहा घेशील का गं? समोर मिळतो. चहा?

दुकानदार: नाही देत उत्तर. पंखा कानाशीच आहे ना.

वडील: ऐकू जात नाही म्हणता?

दुकानदार: दिसतंय की. आता काका, तुम्ही या इकडे. संपलं होतं का?

वडील: हळू बोला.

दुकानदार: हळूच बोलतोय. संपलं होतं का मधलं माप?

वडील: तुम्हाला आठवतंय सगळं.

दुकानदार: मला नावं राहत नाहीत, डोकी राहतात. तुम्ही याच स्टुलावर बसून बंदवालं स्वतः घातलंत. पाच मिनिटांत घामाघूम झालात. मीच पाणी दिलं. मग म्हणालात, हे नको, ते उघडं द्या. मी म्हणालो, फिरतीला नको. तर म्हणालात, मी वाचलंय.

वडील: वाचलं होतं. बंद हेल्मेटमध्ये उन्हात उष्मा किती वाढतो, ते होतं त्यात. हनुवटीचं पुढच्याच पानावर होतं. ते मी नंतर वाचलं. दवाखान्यात.

दुकानदार: घ्या, पाणी घ्या आधी.

वडील: सात वर्षांची होती तेव्हा छातीत शिट्टी वाजायची तिच्या. मी श्वास मोजत बसायचो, चुकलो की परत पहिल्यापासून. ते हेल्मेट घातलं आणि आत माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू यायला लागला. तो तिचा वाटला मला. हसू नका.

दुकानदार: हसत नाही. पण तिला तसं सांगायचं होतं.

वडील: तिने परत पाठवलं असतं. आणि मग मला परत येऊन तुमच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, बदलून द्या म्हणावं लागलं असतं. दुकानात बोलायला मला फार जड जातं हो. तोंडातून निघून गेलं, माप संपलंय. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली. हरवलेल्या पुस्तकाला कधी 'बाहेर गेलंय' म्हणालो नाही. आणि हे मात्र किती सहज!

दुकानदार: होतं असं.

वडील: नाही, असं होऊ नये. ही वही बघा. माझी नाही, तिची आहे. जबडा बांधला तेव्हा ती यात लिहून बोलायची. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय लिहिलं असेल? वाचा तुम्ही. मला नका वाचायला लावू.

दुकानदार: 'बाबा, माप संपलं त्यात तुमचा काय दोष? रडू नका, चष्मा ओला होतोय.' ... काका.

वडील: हे पान फाडणार होतो मी. दोनदा बसलो होतो फाडायला. पान फाडता येत नाही मला.

दुकानदार: सांगून टाका आज.

वडील: घरात आम्ही दोघंच आहोत. ती गेली दहा वर्षं मला विचारून घेते सगळं. कुठला रस्ता, कुठलं औषध, कुठली नोकरी. मी सांगतो आणि ती मानते. सांगितलं आणि तिने विचारणंच सोडलं, तर मी त्या घरात करायचं काय? तुम्ही नका बोलू. पाया पडतो.

दुकानदार: अहो, भलतंच काय. मी सांगणार नाही. पण माझ्याकडे माप संपलं होतं, असंही मी म्हणणार नाही. पोरीच्या हनुवटीवर नऊ टाके पडलेत, ते माझ्या नावावर का घेऊ?

वडील: रास्त आहे. अगदी रास्त. मला ते सुचलंच नव्हतं. तुमच्यावरही ढकललं मी.

दुकानदार: बसा.

वडील: ती इतका वेळ हलली नाही. श्वास नीट चालू असेल ना? बघा ना जरा.

दुकानदार: खांदे बघा तिचे. वर-खाली होतायत की. तुमच्यापेक्षा बरे.

(घड्याळ वाजतं. पंखा थांबतो.)

दुकानदार: काढा ताई. आधी पट्टा. हळू. कुठे टोचलं?

मुलगी: कपाळावर थोडं.

दुकानदार: बघू. फिकट लाल आहे. आठवड्याभरात अस्तर बसेल, मग नाही जाणवणार. काच?

मुलगी: कोपऱ्यात धुरकटली होती. झाकण सरकवलं तशी निवळली. पाणी थेंबभर आलं नाही आत.

वडील: दम? दम लागला का गं?

मुलगी: नाही.

वडील: डोळे लाल दिसतायत तुझे.

मुलगी: पंखा होता ना समोर.

वडील: काच तर खाली होती.

मुलगी: बाबा.

वडील: काय गं?

मुलगी: त्या दिवशी माझं माप संपलं होतं ना?

दुकानदार: मी... खोकं मागे ठेवलंय, बघून येतो.

वडील: त्या दिवशी... गर्दी...

मुलगी: गर्दी होती?

वडील: नव्हती. मी एकटाच होतो गिऱ्हाईक. माप होतं, ठकू. काळं, बंद, मधलं. यांनी काढून माझ्या हातात दिलं होतं. मी परत ठेवलं.

मुलगी: का?

वडील: तुझ्या काळजीने, असं म्हणणार होतो. घरून पाठ करून आलो होतो तसं वाक्य. पण मी घाबरलो, एवढंच आहे. मी घातलं आणि मीच घाबरलो. आणि मग खोटं बोललो.

मुलगी: अकरा आठवडे झाले.

वडील: हो.

मुलगी: रोज तीनदा नळीने सूप पाजलंत. तेव्हा सांगायचं होतं. मला तर उलटून बोलताही येत नव्हतं. इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही.

वडील: रागाव. तू रागाव माझ्यावर.

मुलगी: रागावलेच आहे. पण डॉक्टर म्हणालेत जबड्यावर ताण नको. तेव्हा थोडं थोडं रागावेन. पुरवून पुरवून.

वडील: बरं. चालेल.

मुलगी: आणि ती वही द्या इकडे. माझी आहे ती.

वडील: त्यातलं ते पान...

मुलगी: राहू दे पान. त्याच्या खाली जागा आहे, तिथे लिहीन नंतर काहीतरी. आणि सोमवारी कुठला रस्ता धरू ते सांगा. पुलावरून की मागून?

वडील: मला विचारतेस?

मुलगी: मग काय दुकानदारांना विचारू?

वडील: मागून. म्हणजे... पुलावर वारा फार असतो. पण तू बघ. मी चुकूही शकतो.

मुलगी: ते कळलंय आता.

दुकानदार: आलो, आलो. खोकं मिळालं. मग ताई, काय ठरलं?

मुलगी: हेच द्या. मागे मागितलं होतं तेच.

दुकानदार: छान. आणि ऐकू येण्याचं? त्याची फार काळजी होती ना तुम्हाला?

मुलगी: येतं की ऐकू. बाबा, मघाशी चहाचं विचारलंत ना? घेईन मी.