बरे न झालेले कुठं हायेत?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच बद्रीनाथभाऊ, मंचावरचे पाव्हणे, ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या भावना मॅडम, आन् सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना जय भीम, नमस्कार. मी चांगुणाबाई. शाळा दुसरीपस्तोर. गोड बोलायला मला जमत न्हाई.

मॅडमनं दोन वर्षं विहारात आमचा वर्ग घेतला. अक्षरं थोडी शिकवली. कुणी काही सांगितलं की "कशावरून?" इचारायचं, हे जास्ती शिकवलं.

आमचे मालक कडूबा, ते काय मागं खांबाला टेकलेत, शुगरच्या गोळ्या सोडून टेंभुर्णीच्या बाजारातून चूर्ण घेऊन आल्ते. म्हणे, "हजार लोक बरे झाले!" इकडं पायाची जखम चिघळत चालली. मी पुढच्या बाजारी त्या इकणाऱ्याला गाठलं. "दादा, बरे न झालेले कुठं हायेत? ते कुणी मोजले?"

"मावशी, घ्यायचं तर घ्या, गिऱ्हाईक तोडू नका!"

मला उत्तर भेटलं. मालकाला तसंच जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणले, आणखी उशीर केला असता तर पाय कापावा लागला असता.

मंग गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली. संपतभाऊ उठून म्हणले, "वर्ग सुरू झाला तव्हापासून घरोघर भांडणं वाढली. बंद करा." आता मला सांगा, भांडणं आधी नव्हती का? आधी एकटा माणूस वरडायचा, त्याला तुम्ही शांतता म्हणत होतात. हसू नका संपतभाऊ, तुमच्याच घरचं बोलून राह्यले.

वर्ग बंद करायला हात वर झाले. त्यात आमच्या मालकाचाबी होता. त्याच पायावर उभं राहून वर केला. घरी इचारलं, "कशावरून?" म्हणले, "समद्यांनी केला म्हून."

आज तेच हात शाल घालून राह्यले. घाला. शाल-नारळ आणणाऱ्यांचे, मंडप टाकणाऱ्यांचे आभार मानते.

मॅडम, वर्ग न्हाई तर पगार न्हाई, तुम्हाला बदनापूरला माघारी जाणं भाग हाये. मी उलटून-पालटून पाह्यलं. तुमचं बराबर हाये, कुठंच चूक सापडंना. थांबा म्हणायला माझ्याकडं एकबी कारण न्हाई. तरी म्हणते, जाऊ नका.

हे बोलणं बिलकुल चुकीचं हाये, मला कळतं. आज एवढी चूक माफ करा.