छत्तीसची पँट

काय लिहिलंत त्या फॉर्मात, भाऊ — ‘खाण्यावर ताबा नाही’? खोडा ते. आधी खोडा, मग पुढचं विचारा. बस डेपोतले ड्रायव्हर जाड, तिकीटखिडकीवाले त्याहून जाड, झाडूवाल्या तेवढ्या काटक — हे कळायला फॉर्म कशाला हवा? डेपोचे गणवेश मी शिवते, बावीस वर्षं. माझ्या टेपला विचारा की! माणूस नवा लागतो तेव्हा कंबर तीस, दहा वर्षांत अडतीस. का? बसून. दहा तास पाय क्लचवर, आणि जेवायला बारा मिनिटं. बारा मिनिटांत माणूस जेवतो होय? कोंबतो. आमचे हे तर गाडीवर असताना पाणीही पीत नाहीत, उतरायला मिळत नाही म्हणून. मग घरी येऊन जे जेवतात — वाढते मीच. दिवसभर उपाशी माणसाला ‘पुरे आता’ कोणत्या तोंडानं म्हणू?

आणि डेपोनं काय केलं? परवा सगळ्यांच्या कमरा मोजल्या. ह्यांची निघाली बेचाळीस. लगेच गाडीवरून उतरवलं आणि बसवलं कुठे? चौकशीच्या खिडकीमागे, खुर्चीत! बसून बसून पोट सुटलं, म्हणून आणखी बसा — वा रे औषध! हे तिथे भांडले. म्हणाले, ‘तुमची टेप खोटी. आठ वर्षं माझी पँट तीच आहे, छत्तीसची. बायकोला विचारा.’ सगळे हसले म्हणे. हसायचं काय त्यात? पँट तीच आहे. मीच — हे लिहू नका, पेन ठेवा खाली — मीच दर दोन-चार महिन्यांनी शिवण उसवून ती सैल करायचे. आतलं जास्तीचं कापड संपलं, तर मागे पट्टी जोडली. पट्ट्याखाली दिसत नाही. इस्त्री करून खुंटीवर. डेपोत जाड माणसाला काय काय म्हणतात — पिंप, टायर — ह्यांना कुणी म्हणू नये, एवढंच मनात. जिन्यात धाप लागली की म्हणायचे, ‘वय झालं गं.’ आणि मी — मी ‘हो’ म्हणायचे. आठ वर्षं ‘हो’ म्हणत होते!

परवा संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसती पँट उलटी करून शिवणीवरून बोट फिरवत बसले. मग? मग काय, भाऊ, तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. उठा आता, मला कामं आहेत. काल सकाळी ती पँट पिशवीत घालून हे कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे माप द्यायला गेले, घरात माझी टेप असताना.