तिरका काप

ताई : ...आणि मी याच काचघराच्या छतावर चालत होते. आतून, उलटी. पायातल्या चपलासुद्धा गळत नव्हत्या. मान वर करून बघते तर काड्यांचे ट्रे, आणि शेजारी तू, छत्रीसारखी लटकलेली.

ठमी : स्टुलावर बसून डुलक्या काढल्या की अशीच स्वप्नं पडतात. सरक, फवारा सुरू होईल, भिजशील.

ताई : भिजू दे. या धुक्यात दुपार कुठून येते नि कुठे जाते, कळतसुद्धा नाही. पन्नाशी उलटल्यावर एवढीच चैन माझी.

ठमी : ताई, दिवस सांग. काड्या लावल्यास कधी?

ताई : तू देऊन गेलीस त्याच संध्याकाळी. आज बासष्टावा दिवस.

ठमी : बासष्ट! आणि एकीलाही मूळ नाही?

ताई : उपटून कोण बघतंय? झोपलेल्याला हलवून ‘झोप लागली का’ विचारायचं?

ठमी : पण मी हार्मोन लावून दिलं होतं. प्रत्येकीचं बूड, मोजून पाच सेकंद. एव्हाना काहीतरी दिसायलाच हवं.

ताई : तुझ्या प्रयोगशाळेतलं औषध आमच्या झाडाला मानवलं नसेल.

ठमी : औषध नाही गं ते. झाडात असतंच. शेंड्याकडे तयार होतं, आतल्या आत खाली उतरतं, आणि बुडाशी साठलं की तिथे मुळं फुटतात. मी फक्त थोडं वरून दिलं.

ताई : उतरतं म्हणजे पाण्यासारखं?

ठमी : नाही ना, तीच तर गंमत आहे. काडी आडवी ठेव, उलटी टांग, काहीही कर. ते आपलं बुडाकडेच निघतं.

ताई : हट्टी आहे. बाबांवर गेलंय.

ठमी : एक काढून बघते.

ताई : नको! बावीसच आहेत. आपल्या सायकलच्या दुकानामागचं ते ऑलिव्हचं झाड गेलं, आता पुन्हा काड्या आणायच्या कुठून?

ठमी : बोल ना मग सरळ, ‘ठमे, तू तोडायला लावलंस.’

ताई : मी बोलले का काही?

ठमी : दोन महिने बोलली नाहीस, तेच तर. शेजाऱ्यांच्या न्हाणीत मूळ निघालं होतं, ताई. भिंत पडायला आली होती. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. तुला आधी विचारायला हवं होतं मी.

ताई : हवं होतं. मला फार लागलं ते. तोडायचंच होतं तर निदान शेवटचं जाऊन त्याला हात लावला असता.

ठमी : चुकलंच माझं.

ताई : काढ. एकच काढ. कडेची.

ठमी : ...नाही. वाळूतलं टोक कोरं आहे. साधी सूजसुद्धा नाही.

ताई : पण वर तर फुगलंय! मी रोज चाचपते. बावीसपैकी चौदांच्या टोकाला गाठ आलीय. मला वाटलं कोंब येतायत, म्हणून तर मी खुशीत होते.

ठमी : बघू दे. ताई, हा कोंब नाही. मुळं यायच्या आधी बुडाशी अशी गाठ धरते. पण ही वर कशी काय... थांब. वरचा काप सरळ का आहे?

ताई : वरचा सरळच असतो. खाली तिरका, वर सरळ. तिरकं टोक वाळूत सुरीसारखं जातं. बाबांनी शिकवलं, तेव्हा तू पाळण्यात होतीस.

ठमी : मी तिरका वर घेते. टोकावर पाणी साचून कुजायला नको म्हणून. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

ताई : म्हणजे?

ठमी : म्हणजे सगळ्या उलट्या लावल्यास तू.

ताई : अगं बाई! मी एकटीच नाही चालले छतावर. यांनाही दोन महिने चालवलं.

ठमी : हसतेस काय! लावताना विचारलं का नाहीस?

ताई : देताना तू सांगितलंस? ओलं पोतं दारात ठेवलंस नि चपला सरकवत निघून गेलीस.

ठमी : तू तोंड फिरवून बसली होतीस! बरं, विचारायचं नव्हतं तर नको. काडीवर डोळे असतात ना, ते वर बघतायत की खाली, एवढं तरी बघायचंस. ते तर शाळेतल्या मुलालाही कळतं.

ताई : नाहीत दिसत मला तिचे डोळे.

ठमी : दिसत नाहीत म्हणजे? चष्मा बदल मग.

ताई : चष्म्याचं काम राहिलं नाही, ठमे. अंगठ्याने काप चाचपला नि लावल्या. तुझा चेहरा दिसतो तोही आता कडेकडेने. मधे नुसतं हे धुकं. डॉक्टर म्हणाले, डोळे वर्षभर पुरले तरी नशीब.



ठमी : कधीपासून?

ताई : झाड तोडायच्या आधीपासून.

ठमी : आणि तू मला सांगितलं नाहीस.

ताई : नाही सांगितलं. रागावले होते म्हणून नाही. भीती वाटत होती. तुला सांगितलं की ते खरं होणार, असं काहीतरी वाटायचं.

ठमी : ताई...

ताई : मला फक्त एकदा त्याचं पान बघायचं होतं. वाऱ्याने उलटलं की मागची बाजू रुपेरी दिसते ना, तेवढं. म्हणून घाई. म्हणून तुझ्याकडूनच काड्या घेतल्या, एवढी चिडलेली असून.

ठमी : इकडे ये. हात दे. या काडीच्या गाठीवर बोट ठेव. हळू. लागलं?

ताई : काहीतरी लागलं. दोऱ्याएवढं. ओलं.

ठमी : मूळ आहे. पांढरं. गाठीतून हवेतच निघालंय, बिचारं. या धुक्यामुळे वाळलं नाही.

ताई : वाळू नाही, काही नाही. तरी बरोबर आपल्या बुडालाच फुटलं!

ठमी : म्हटलं ना, त्याला आपलं खाली कुठे ते माहीत असतं. उलटं कोणी का लावेना.

ताई : जगतील?

ठमी : आठ तर गेल्यातच. या चौदा सुलट्या करू. खात्री नाही देत, ताई. पण मी जात नाहीये. रजा टाकते.

ताई : प्रयोगशाळेत कोण बघणार?

ठमी : बघतील कोणीतरी. सरक, स्टूल मला दे. तू भोक पाड, मी काडी ठेवते. मूळ मोडेल, दाबू नकोस.

ताई : मला शिकवतेस? वाळूत बोट घालायला तुला मीच शिकवलं.

ठमी : हो बाई. घाल.

ताई : पान येईपर्यंत मला दिसेनासं झालं तर?

ठमी : तर मी सांगेन. वारा आला की लगेच सांगेन, आता उलटलं, आता रुपेरी झालं.

ताई : बरं. आणि यापुढे तिरका काप कुठे घ्यायचा?

ठमी : तू म्हणशील तिथे. खाली तर खाली.

ताई : कुठेही घे गं. सांगत जा फक्त.