राजी असल्याचा कागद

सोमी : काढलंच म्हणायचं ना वकीलसाहेब! अकरा वर्षं त्या कंपनीत फुगे बनवते. आज वॉचमन बोलतो, तुझं कार्ड बंद.

सुदर्शन : नोटीस? चौकशी?

सोमी : कसली नोटीस नि कसलं काय!

सुदर्शन : मग बरंच झालं. असं काढता येत नाही कुणाला. आधी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. तिथं नाही मिटलं तर कामगार कोर्ट. परत कामावर घ्या म्हणून भांडू. पण काढलं कशासाठी?

सोमी : तपासणीला सरकारी साहेब आलेले. विचारलं, हातमोजे देतात का? सगळ्या बाया खाली बघत राहिल्या. मी बोलले, नाय देत. बघा ना हे हात.

सुदर्शन : दिसले. नंतर कुठं सही केलीस का?

सोमी : केली की. मॅनेजरनं बोलावलं, बसायला खुर्ची दिली! गुजरातीत बोलला, सोमीबेन, राजी ने? म्हणजे खुश ना? मी बोलले, राजी. तर बोलला, हे राजीनामा, मार सही.

सुदर्शन : आणि मारलीस!

सोमी : मग? कंपनीवर राग नाय, मी राजी आहे, असा कागद ना तो?

सुदर्शन : अगं बाई, राजीनामा म्हणजे तू स्वतःहून नोकरी सोडलीस!

सोमी : आई गं! मी कशाला सोडू? खाऊ काय?

सुदर्शन : काढलं असतं तर घाम फोडला असता त्यांना. अंगठा असता तरी बरं होतं, वाचून कुणी दाखवलं ते विचारता आलं असतं. सही करणारा शिकलेला धरतात.

सोमी : सहीच येते हो फक्त. हिनं शिकवली, माझ्या जावेनं. दहावी झालीय, तिथंच कामाला आहे. तेव्हा बाजूलाच उभी होती. कागद हिनंच वाचला. बोलली, काय नाय जाऊबाई, मारा सही. सांग ना गं चंद्रिका!

सुदर्शन : ही साक्षीला उभी राहिली तर केसमध्ये जीव आहे. काय गं, वाचलं होतंस ना?

चंद्रिका : वाचलं होतं.

सोमी : मग?

चंद्रिका : मॅनेजर बोललेला, हिची सही घे, नायतर तू पण घरी बस. आमचे हे कधीपासून घरीच आहेत, जाऊबाई. तुम्हाला म्हायती आहे.

सोमी : माझा हात धरून सही शिकवलीस गं तू. चुलीपुढं बसून.

सुदर्शन : ते घरी बोला. साक्ष देणार का?

चंद्रिका : मला पण काढतील.

सुदर्शन : मग ये माझ्याकडे. तुझी केस हिच्यापेक्षा चांगली होईल. फक्त राजीनाम्यावर सही करू नकोस.

चंद्रिका : माझी दोनची पाळी आहे साहेब. रिक्षा भरली की सुटते.

सोमी : जा बाई, गेट बंद करतील. आणि हातमोज्यांचं कुणी विचारलं तर खाली बघ.