घर इकाचं होतं, चहा पाजाचा नोता

...अन् वरून मले म्हन्ते, "चाय में शक्कर कम है!" अरे, तू घर पाहाले आला का बारशाले? आमच्याच पलंगावर बसला, आमचाच चहा पेला, आमच्याच भिंतीले नाक मुरडून गेला! हसू नका. तुमाले हसू येऊन राहिलं, पाजावा मले लागते! एकच दलाल धराचा होता, बाप्पा, एकच!

तुमाले सांगतो, मी रेल्वेत गार्ड. सारी जिंदगी क्वाटरात गेली. रिटायर व्हाच्या अगोदर भिलाई स्टेशनाच्या मागं दोन खोल्या बांधल्या, अंगनात हीर खोदली. मंग हा पोलादाचा कारखाना आला. कुठून कुठून मानसं उतरून राहिली, झाडाखाली झोपून राहिली! म्हटलं, आता आपलं घर चुटकीसरशी जाते. आमाले जाचं होतं नागपूरले. एकुलती एक पोरगी तिथं दिली, रमा, पहिलटकरीन, घरात सासू नाई. आमच्या घरवालीनं, ठकूबाईनं, तं भांडीकुंडी पोत्यात बांधूनही टाकली, चहाचा एक गंज अन् एक तवा तेवढा बाहेर. मले म्हने, "अजी, एकच दलाल धरा, अन् पोरीचे दिवस भराच्या आत चला!"

पन शेजारी शामराव! तो म्हने, "कावून एक? तीन धरा! तिघं आपसात भांडतीन, भाव वाढन!" भांडले ना! भाव सोडून सगळं वाढलं!

पहिला भैयालाल. पान खाऊन आमच्याच ओसरीत पिचकारी मारनारा. त्यानं एक पंजाबी ठेकेदार आनला, ठेकेदाराले घर पसंत! तं फाटकात उभा देवाजी, आमचा दुसरा दलाल, त्याच्या कानात म्हन्ते, "सेठ, गर्मी में कुआँ सूख जाता है." माझी हीर? अख्खी गल्ली जिचं पानी भरते, ती हीर? मंग देवाजीनं वर्ध्याकडचा एक कारकून आनला, आपल्यातलाच, सरळ मानूस. त्याले कोपऱ्यावर गाठलं सुखरामनं, हा तिसरा. "बाबूजी, ये घर मा रतिहा डौकी रोथे!" रात्री बाई रडते म्हने! अरे, रडते ना! माझीच बायको रडते, घर जाऊन नाई राहिलं म्हनून! एकच दलाल धराचा होता, एकच!

अन् एक दिवस सकाळी पाहतो तं काय, भिंतीवर ही मोठी चुन्याची फुली! कारखान्याच्या जागेत जानाऱ्या घरांवर मारत ना, तशी! कोनं मारली? भैयालाल देवाजीकडं बोट दाखवते, देवाजी सुखरामकडं, अन् सुखराम आभाळाकडं! मी घासून घासून धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली... डांबराची! डांबर निघते का हो? धावत गेलो कारखान्याच्या साहेबाच्या ऑफिसात. साहेब म्हने, "घबराइए मत, हमको आपका घर नहीं चाहिए." म्हटलं, तुमालेही नको?

मंग ठकूबाई कडाडली, "मी एक म्हटलं होतं, एक!" झालं, दोघाले हाकललं, एकटा भैयालाल ठेवला. अन् काय चमत्कार, रोज गिऱ्हाईक! सकाळी गिऱ्हाईक, दुपारी गिऱ्हाईक! ठकूबाईनं हरखून पोतं सोडलं, कपबशा काढल्या. लोकं येतात, चहा पेतात, फुली पाहतात, "खबर करेंगे" म्हन्तात, जातात. घेत कोनीच नाई! कावून?

एका गिऱ्हाइकाच्या मागं मागं गेलो. भैयालाल त्याले आमच्या दारातून थेट शामरावाच्या दारात घेऊन गेला! म्हन्ते, "वो देखा न आपने? सूखा कुआँ, भूत, डामर? अब ये देखिए!" अन् शामरावाच्या ओसरीत देवाजी अन् सुखराम, मांडीले मांडी लावून! तिघं एक झाले होते हो! आमचं घर अगोदर दाखवाचं, म्हन्जे शामरावानं गुपचूप इकाले काढलेल्या दोन खोल्या महाल वाटतात! मी धरली भैयालालची गचांडी. तं हा बेशरम हसते, "गार्ड साहब, आपका घर तो सबसे ज़्यादा चल रहा है!"

एक धरा नाई तं तीन धरा, ज्यानं जाचं तो गेला. शामरावाचं घर इकल्या गेलं. चाललाही तो आज, कुठं? नागपूरले! रमेले परवा पोरगी झाली. ठकूबाईनं डिंकाच्या लाडूचा डबा त्याच्या हातात देला, म्हने, "भाऊजी, पोरीले म्हना, आई येऊनच राहिली." मले वर पाहावलं नाई.

हाकलून देऊ भैयालालले? अन् मंग? तोही आला नाई तं या फुलीवाल्या घरात येते कोन? आला वाटते... ऐका, "गार्ड साहब, पार्टी आई है!"

ठकूबाईनं डोळे पुसले, गंज चुलीवर ठेवला.

म्हटलं, "या खेपेले साखर जरा जास्त टाक वो."