बावीस अंशांतला घाम

...नाही, पण मला एक सांगा, घाम काय कोणी हौसेनं आणतं का? मानेवरून ओघळ चाललेत, नॅपकिन पिळायची वेळ आलीय, आणि घरातली माणसं मला म्हणतात, तुला वाटतंय तसं! वाटतंय? अहो, वाटायला काय ते स्वप्न आहे? ओला नॅपकिन हातात धरून उभी आहे मी, आणि हे आपले बोट वर करून भिंतीवरचा एसी दाखवतात. आणि वर बघावं तर खोलीचं तापमान बावीस.

हे म्हणजे आमचे हे. रिटायर झालेत. आयुष्यभर वजनकाट्यांच्या तपासणीत होते, त्यामुळे आकड्यावर फार श्रद्धा. माणूस काय, काहीही बोलतो, आकडा बोलत नाही, असं यांचं म्हणणं. तर हा एसी आमच्या मुलानं बसवून दिला, म्हणजे तो राहतो लांब, पण एसीला त्याच्या फोनशी जोडून ठेवलंय, तिथे बसून त्याला आमच्या खोलीचं तापमान दिसतं. आई कशी आहे ते दिसत नाही, तापमान दिसतं! मी फोन केला, म्हटलं, अरे, फार उकडतंय रे, एसी बिघडलाय. तो म्हणाला, थांब बघतो. बघितलं. म्हणाला, आई, बावीस दाखवतोय, छान चाललाय की. मग जरा थांबला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "आई, तुला बरं वाटतंय ना?"

संपलं. तिथून सगळं सुरू झालं. कारण तुम्हाला सांगते, मुलाचा आवाज मऊ झाला ना, की आई स्वतःची नाडी बघायला लागते. तोपर्यंत मला नुसतं उकडत होतं, त्यानंतर मला काहीतरी झालं होतं.

आता बघा हं, एकच खोली, एकच एसी. मी पलंगाच्या या कडेला घामानं निथळतेय, आणि त्या कडेला हे... स्वेटर घालून! हो, स्वेटर! बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि माझा नवरा घरात गळ्यापर्यंत बटणं लावून बसलाय. मी म्हटलं, अहो, उकडत नाही? तर म्हणाले, बावीस आहे. म्हणजे उत्तर काय, तर आकडा! दोघांपैकी एकाच्या अंगात नक्कीच बिघाड होता, आणि आकडा यांच्या बाजूनं होता. मग बिघाड कोणात? सांगा ना!

मी थर्मामीटर लावून बघितलं, ताप नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. ताप असता तर बरं झालं असतं हो, निदान नाव तरी देता आलं असतं. मग घरातल्या आजारांच्या पुस्तकात... पुस्तकात कसलं, फोनमध्येच शोधलं, कारण नसताना घाम येणे. शोधू नका. कोणी म्हणजे कोणीच शोधू नका. पहिल्या ओळीत हृदय, दुसऱ्या ओळीत त्याहून वाईट, तिसरी मी वाचलीच नाही.

त्यात समोरच्या वहिनी आल्या, आमचा डबा परत द्यायला. खुर्चीत बसल्या आणि बसल्याबसल्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून वारा घ्यायला लागल्या. अहो, मला इतका आनंद झाला, वाटलं उठून मिठी मारावी! म्हटलं, उकडतंय ना वहिनी, तुम्हालाही उकडतंय ना? तेवढ्यात यांनी बोट वर केलं. वहिनींनी वर बघितलं. बावीस. आणि तुम्हाला खरं सांगते, त्या बाईनं वर्तमानपत्राची घडी घातली, खाली ठेवली, ओढणी खांद्यावरून पुढे घेतली आणि म्हणाल्या, नाही, तसं गारच आहे. कपाळावर घामाचे थेंब! आणि म्हणे गारच आहे! मला वाटलं, त्यांच्या कपाळावरचा घामही मलाच दिसतोय की काय.

म्हणजे बघा कुठवर आले होते मी.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं विचारलं, घाम कधी येतो, कुठे येतो, खोलीत किती तापमान असतं. मी इमानदारीत सांगितलं, बावीस. त्यांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं की काय होतं माहितीये का? आपल्यालाच उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतं. मग रक्त तपासलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, मग? तर म्हणाल्या, मनावर कसला ताण आहे का? म्हटलं, आहे ना, घाम येतो त्याचा!

घरी आले तर हे दारातच. काय म्हणाल्या? म्हटलं, काही नाही निघालं. यावर माणसानं हुश्श करावं की नाही? यांनी नुसती स्वेटरची बाही खाली ओढली. आणि दुसऱ्या दिवसापासून यांनी एक नवीनच खूळ काढलं. ये इकडे म्हणाले, हा पाण्याचा मुख्य नळ, असा बंद करायचा. हा फ्यूज स्वयंपाकघराचा, हा बाहेरच्या दिव्याचा. कपाटाची जादा किल्ली या खणात, मागच्या बाजूला. मी मनात म्हणते, मी इथे घामाघूम, माझं काय व्हायचंय मला माहीत नाही, आणि हा माणूस मला नळ शिकवतोय! चिडले मी. फार चिडले. एसी बंद केला, म्हटलं असंही उकडतंय, तसंही उकडणार, आणि गेले स्वयंपाकघरात इस्त्री करायला.

आणि इथे खरी गंमत झाली. इस्त्री संपवून परत आले, एसी लावला, तर वर बत्तीस! चला, म्हटलं, निदान खरं तरी बोलला. कपड्यांचा गठ्ठा अजून हातातच आहे, तो मी पलंगावर ठेवतेय, तोवर आकडा तीस, अठ्ठावीस, पंचवीस... लिफ्ट खाली यावी तसा, आणि थांबला कुठे? बावीस! मी तशीच उभी. एवढी खोली, एवढं कपाट, पलंग, गठ्ठा, मी, हे सगळं एवढ्यात गार झालं? शेगडीवरून उतरवलेलं पातेलं इतक्यात गार होत नाही, खोली होईल? मी पुन्हा बंद केला, थांबले, पुन्हा लावला. पुन्हा तेच. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की बाई गं, डोकं तुझं ठिकाणावर आहे, त्याचं नाहीये.

बोलावलं एसीवाल्याला. तो आला, शिडीवर चढला, आकडा बघितला आणि म्हणाला, काकू, बावीस आहे की, चांगला चाललाय. मी म्हटलं, हवा गार येत नाही. म्हणाला, मग गॅस कमी झाला असेल, गॅस भरू. मी इस्त्रीची सगळी हकिगत सांगितली. त्याचं आपलं गॅस. हे खालून स्वेटरमधून म्हणाले, बावीस आहे म्हणतोय ना तो. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. मी एसीवाल्याला म्हटलं,

"बावीस आहे ना? मग तुम्हाला घाम का येतोय?"

त्यानं हात कपाळाला लावला. हाताकडे बघितलं. मग बाहीनं तोंड पुसलं, बाहीकडे बघितलं, आणि एसीचं झाकण काढलं. टॉर्च मारला. आत एक बारकी वायर, टोकाला मुगाच्या दाण्याएवढा मणी. तो म्हणे सेन्सर. त्यानं बाहेरून आत येणारी खोलीची हवा मोजायची, म्हणून पुढे एका खाचेत बसवलेला असतो. तर हा खाचेतून सुटून मागे, जिथे गार जाळी असते ना, तिला गाल लावून पडला होता! जाळी गार झाली की यानं कळवायचं, खोली गार झाली, मग मशीन थंडावा बंद करणार आणि नुसता पंखा फिरवत बसणार. म्हणजे तो खोटं बोलतच नव्हता बिचारा, फक्त खोलीऐवजी स्वतःच्या बिछान्याचं सांगत होता. एसीवाल्यानं मणी मुठीत धरला, आकडा चढायला लागला. मीटर लावून बघितलं, सेन्सर ठीक. खाचेत घट्ट बसवला, आणि वर आलं बत्तीस. बाहेर मशीन घुर्रकन सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

एसीवाल्यानं विचारलं, हे आधी कोणी उघडलं होतं? हे खिडकीबाहेर बघायला लागले. व्हिडिओ बघून जाळ्या धुतल्या होत्या यांनी, ब्रश घेऊन, स्टुलावर चढून! मी ठरवलं, तो गेला की चांगलं फैलावर घ्यायचं. वाक्यंसुद्धा तयार केली होती.

तो गेला. मी वळले, तर हे स्वेटर काढत होते. आतला शर्ट अंगाला चिकटलेला, चिंब ओला. पिळला असता तर बादली भरली असती. मी बघतच राहिले. म्हटलं, अहो, हे काय?

"मलाही घाम येत होता गं," हे म्हणाले. "तुला दिसू नये म्हणून स्वेटर. तू आधीच घाबरलेली, दोघांनी घाबरून कसं चालेल?"

म्हणजे बघा. तो नळ, तो फ्यूज, ती किल्ली... मला वाटत होतं हे माझ्या काळजीनं वेडे झालेत. हे मात्र जायच्या तयारीत होते, आणि जाण्याआधी मला नळ बंद करता यावा एवढीच यांची चिंता. वाक्यं तयार केली होती ना मी? एकही आठवेना. टॉवेल आणला, पाठ पुसून दिली, तर म्हणतात, एवढं घासू नकोस.

मी म्हटलं, डॉक्टरांकडे का नाही गेलात? तर म्हणे, त्यांनीही तापमान विचारलं असतं.

आता सगळं छान आहे. खोली अगदी गारेगार. पण यांना त्या भीतीनं एक कळलंय म्हणे, की भीती खोटी होती तरी वय खरं आहे. त्यामुळे भर ऊन असतानाच रोज मला हाताला धरून चालायला नेतात, चांगलं लांब, चढावाच्या रस्त्यानं. मुलगा तिकडून फोन करतो, आई, बावीस आहे ना आता? मी रस्त्याच्या कडेला उभी राहून, धापा टाकत, घाम पुसत सांगते, असेल रे बाबा... घरी कोण आहे बघायला!